दुसरा पाय
खोबरेल तेलाचा वास आला की मला दवाखान्यातली ती सकाळ आठवते. सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी करून मी थेट वडिलांच्या खाटेशी येऊन बसलो होतो, डोळे चुरचुरत होते. नाशिक रोडला टाळ्या वाजवून गाणारी दुसरी एक ख्रिस्ती मंडळी आहे, तिच्यातली एक बाई रोज यायची, वडिलांच्या पायांना तेल चोळत हळू आवाजात प्रार्थना करायची. त्या दिवशी आमच्या चर्चच्या कारभारातले एक पंच भेटायला आले आणि मला म्हणाले, "ही आपल्यातली नाही. उद्यापासून येऊ नको म्हणून सांग तिला." वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. वडिलांनी डोळे न उघडताच विचारलं, "ती नाव कुणाचं घेते?" "प्रभूचंच," पंच म्हणाले. "मग घेऊ द्या की. आणि वेळ असेल तर दुसरा पाय तुम्ही चोळा, पोरगा दमलाय माझा." बाईनं तेलाची बाटली पुढं केली, तेव्हा पंच बाह्या दुमडून दुसऱ्या पायाशी बसले आणि तेल चोळता चोळता तेही प्रार्थना पुटपुटू लागले. वडील गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चर्चच्या बैठकीत आपले कोण, बाहेरचे कोण हे अजून चालूच असतं, आणि मी कंटाळून गप्प बसतो. त्या सकाळी मात्र दोघांच्या प्रार्थनांतली कुठली कुणाची, हे कळायच्या आतच मला झोप लागली होती.