ठिपका नसलेले डोळे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्याचे डोळे काढण्यात माझा जन्म गेला त्या गणपतीलाही कधी हात जोडून सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. राग आलाय, म्हणून सांगते आहे.

परवा भाचीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, ही तुमच्या वेळची मालिका ना गो?" बघते तर काय, तीच! रक्त पिणाऱ्या ठाकुराची. दर शुक्रवारी रात्री लागायची. आता म्हणे ती नव्या पोरांनी उकरून काढली आहे. एकेक भाग घेतात आणि त्याची चिरफाड करत बसतात. भाचीनं दाखवला तो भाग नेमका धाकट्या सुनेचा होता. तिचा चेहरा थांबवून ठेवलेला, डोळ्यांभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली पोरं हमरीतुमरीवर आलेली — ही पिशाच झाली की नाही झाली? एकानं लिहिलं होतं, 'काय मजेशीर भाग आहे!'

मजेशीर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भागानं एका बाईच्या हातातला कुंचला काढून घेतला, आणि तुम्हाला मजा वाटते?

पण थांबा. भागानं काढून घेतला? बघा, इतकी वर्षं झाली तरी मी खापर त्या मालिकेवरच फोडते आहे.

नीट सांगते. मी पेणची. गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं — आधी पांढरं, मग काळी रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका. तो उजेडाचा ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. तोवर ती नुसती माती. आमच्या कारखान्यात आखणीला बसणाऱ्या बायका दोनच, मी आणि सुनंदा. ती निडी गावची, रोज गाडीनं यायची. बाकी बायका घासकाम करायच्या, म्हणजे मूर्ती घासून गुळगुळीत करायच्या, अंगाचा रंग द्यायच्या. आखणीला बाई बसवायची म्हणजे मालकाला दहादा विचार करावा लागायचा. सुनंदानं ती जागा कशी मिळवली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिली काही वर्षं ती जेवणाच्या सुट्टीत फुटक्या मूर्तींवर डोळे काढून बघत बसायची, डबा तसाच.

आणि शनिवार आमचा चर्चेचा वार. हात कामात, तोंड मालिकेत. ठाकूर आरशात दिसत नाही, मग भांग कसा पाडतो? बोलावल्याशिवाय त्याला घरात येता येत नाही म्हणे, आमच्याकडचे पाहुणे बरे, त्यांना बोलवावंही लागत नाही! लसणीला भितो म्हटल्यावर सुनंदा म्हणाली होती, "आपल्याकडं आला तर उंबऱ्यातच मरंल गो, फोडणीच्या वासानं." हसून हसून रेघा वाकड्या व्हायच्या. आणि आमचे मालक, अप्पा, तेही मागे उभे राहून ऐकायचे बरं का. एखादा शुक्रवार चुकला तर स्वतः विचारायचे, "काय झालं गो काल?" हे लक्षात ठेवा.

मी एक गोष्ट पकडली होती. ठाकुराच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका कधीच दिसायचा नाही. डोळे काढणाऱ्या बाईलाच दिसणार ते! मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं सगळ्यांना. भाचीनं दाखवला तो भाग लागला त्या शुक्रवारी ठाकुराच्या घरची धाकटी सून खिडकीपाशी वळली आणि तिच्या डोळ्यांतही ठिपका नाही. झालं, शनिवारी मी जाहीर केलं की ही बाटली, हीही पिशाच.

सुनंदा म्हणाली, "नाय. दिवा तिच्या पाठीशी हाय. उजेड मागं, तर ठिपका येईल कुठनं?"

मला मुद्दा खोडलेला खपत नाही. तेव्हाही नव्हता खपत. मी तिच्याच फळीवरची, तिच्या वाट्याची एक मूर्ती पुढे ओढली, सगळं काम होऊन डोळ्यांसाठी थांबलेली, तिचाच कुंचला उचलला आणि डोळे काढून दाखवले. बुबुळं वर चढलेली, कुणाकडेच न बघणारी, ठिपका नाही. "बघ! असे होते तिचे." बायका ओरडल्या, "अगदी तस्से!" मला कोण आनंद.

सुनंदाची गाडीची वेळ झाली होती. निघता निघता ती म्हणाली, "पूस गो ते आठवणीनं. माझ्या फळीवरला हाय."

"व्हय गो, पुसते," मी म्हटलं.

विसरले. वाद रंगला होता, मी बोलत राहिले. संध्याकाळी रोह्याचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, त्यांची मूर्ती तीच. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, तोंडावर रुमाल टाकून मूर्ती न्यायची आणि स्थापनेच्या वेळीच काढायचा. अप्पांनी मागूनच रुमाल टाकला. कुणी पाहिलं नाही.

दोनच दिवसांनी, चतुर्थीच्या सकाळी रोह्याला रुमाल निघाला. सगळं घर हात जोडून उभं, आणि बाप्पा कुणाकडेच बघत नव्हता. त्या घरची म्हातारी पाटासमोरून मागे सरकली म्हणे. अप्पा कुंचला घेऊन धावत रोह्याला गेले, डोळे पुन्हा काढले, पाया पडून आले.

इथवरचं मी कबूल करायला बसलेले नाही. विसरणं कुणालाही होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी सगळ्यांना उभं केलं. "फळी कुणाची?"

"माझी," सुनंदा म्हणाली. "पण ते डोळे माझे नायत, अप्पा."

"मग कुणाचे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. नुसती बघत राहिली — मी बोलेन म्हणून. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरली. गप्प राहिले, भ्याले, चूक झाली. खोटं आहे ते! मी गप्प राहिले नाही. मी बोलले. मी म्हटलं, "अप्पा, तिचं हल्ली ध्यानच नाय कामात. त्या मालिकेचं वेड लागलंय. मी किती वेळा सांगितलं तिला."

हे वाक्य माझं आहे. कुणी शिकवलं नव्हतं. डोळे मी काढले, वेड मला, आणि उलट्या बोंबाही मीच मारल्या.

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. सगळ्यांनी पाहिलं होतं मला! एकीचं तोंड उघडलं नाही. आणि ते अप्पा — दर शनिवारी कान देऊन उभे राहणारे — तावातावानं म्हणाले, "या मालिकांनी बायका बिघडवल्यात." मला त्यांचा आजही संताप येतो. बायकांचा येतो. सुनंदाचासुद्धा येतो. का नाही ओरडली ती? का नाही माझ्या झिंज्या धरल्या सगळ्यांसमोर? ती माझ्या खरेपणाची वाट बघत उभी राहिली, आणि तो माझ्यापाशी नव्हता. हा कसला राग, जिचं मी वाटोळं केलं तिच्यावरच? पण येतो.

तिला घासकामाला बसवलं. पुढच्या हंगामाला बोलावलंच नाही. पेणमध्ये बातमी फिरायला किती वेळ लागतो? 'हिच्या हातचे डोळे मेलेले असतात.' त्यानंतर एकाही कारखान्यानं तिला आखणीला बसवलं नाही. तिची फळी मला मिळाली. आज लोक मला म्हणतात, "बाई, तुम्ही डोळ्यांत जीव ओतता." सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. मी घेतली.

मध्यंतरी एका लग्नाला रोह्याला गेले होते. बाजारात गोणपाटावर वाल मांडून बसलेल्या बाईनं हाक मारली, "पेणवाली ना गो तू?" सुनंदा! केस पिकलेले, चेहरा तोच. आता चार माणसांत माझी अब्रू काढते, असं वाटलं. खरं सांगू, काढावी असंही वाटलं.

तिनं विचारलं, "गो, त्या धाकट्या सुनेचं पुढं काय झालं? मी त्या दिसापासनं बघितलंच नाय."

काय झालं होतं? पुढच्याच शुक्रवारी ती सून भर उन्हात अंगणात आली होती. तिच्या डोळ्यांत ठिपका होता, टपोरा, लखलखीत. ती माणूसच होती. दिवा पाठीशी होता, सुनंदा म्हणाली तसंच. हे मला घरच्या पत्त्याइतकं पाठ आहे. एवढं एक वाक्य तर तिला द्यायचं होतं — 'तुझं बरोबर होतं.' त्यात माझं काय जाणार होतं?

मी म्हटलं, "आठवत नाय गो."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत ओंजळभर वाल टाकले, वर आणखी एक ओंजळ टाकली.

मी ते घरी आणले. भिजवले, मोड आणले, सोलले, बिरडं केलं, आणि पोटभर जेवले.