डाव्या हाताची धार

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा होत नाही. पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जातो. पण आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अमरावतीच्या आमच्या गल्लीत कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळं धुऊन निघतं, आणि अशा दिवशी आपली अवजारं मळकी दिसावीत हे बाबांना कधी खपलं नाही. "पूजा नाई करत आपण, पण धुवाले कोणं मना केलं?" असं म्हणत ते सकाळीच अंगणात पोतं अंथरायचे.

खुरपं, कुदळ, फावडं, फांद्या छाटायची कात्री आणि आईचा विळा. आधी काडीनं माती खरवडायची, मग जंग पॉलिश पेपरनं घासायचा, मग कानशीनं धार, आणि शेवटी लाकडी दांड्यांना जवसाचं तेल. चिंधीनं तेल पुसायचं काम माझं. आठवडाभर अकोल्याच्या कचेरीत फायली सरकवणारे बाबा त्या दिवशी कुणी वेगळेच असायचे, शीळसुद्धा वाजवायचे. विळा आईच्या हाती देऊन विचारायचे, "कशी लागली?" आई म्हणायची, "चांगली लागली."

ती चांगली लागलेली नसायची. आई डावखुरी. आजीनं तिला उजव्या हातानं जेवायला लावलं, शाळेनं उजव्या हातानं लिहायला लावलं, विळा मात्र डाव्या हातातच राहिला. विळ्याला धार एकाच अंगानं लावतात, आणि डाव्या हाताच्या माणसाला ती दुसऱ्या अंगानं लागते. नाहीतर विळा गवतावरून नुसता घसरतो. बाबा आपल्या हाताच्या सवयीनं लावायचे. त्यांना एवढं साधं कसं सुचलं नाही, ते तेच जाणोत.

सुट्टी संपून बाबा अकोल्याच्या गाडीनं गेले, की आई विळा धुण्याच्या दगडावर घासत बसायची आणि धार आपल्या अंगाला आणायची. दरवर्षी. दगडाच्या कडेला त्यानं चांगली खाच पडली.

"सांगून का टाकत नाहीस?" मी एकदा चिडून विचारलं.

"एवढ्या हौसेनं करतात. कायले सांगा?"

मला हे पटत नव्हतं. सांगितल्यानं काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण आईपुढं माझं कधीच चाललं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा झाला. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं, उजवा हात मात्र आला नाही. बाबांनी अंगणात जाणंच सोडलं. संत्र्याच्या आळ्यात गवत माजलं तरी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. "मी आता काय कामाचा," एवढंच म्हणायचे. मी अकोल्याला नोकरीला, सुट्टीला यायची, आणि दर वेळी ते मला थोडे आणखी कमी झालेले दिसायचे. आईचा जीव तर नुसता टांगणीला लागला होता.

खंडेनवमीला तिनं मला बाजूला घेतलं. "पोतं तू अंथर. त्याईले समोर बसव, अन् ते सांगतीन तशीच धार लावजो. माह्या विळ्याचं मी मंग पाहून घेईन."

बाबा आधी यायलाच तयार नव्हते. पण मी कानस उलटी धरलेली त्यांना खिडकीतून दिसली, आणि ते त्यांना बघवलं नाही. काठी टेकत आले, खुर्चीवर बसले आणि माझी हजेरी घ्यायला लागले. जोर कमी कर, घाई कावून करून राहिली, आधी माती तर काढ. इतकं तर ते महिन्याभरात बोलले नव्हते. विळ्याची धारही मी त्यांनी सांगितल्या अंगानंच लावली.

मग त्यांना ती बघायची होती. आळ्याशी वाकून त्यांनी विळा डाव्या हातात घेतला आणि गवतावर ओढला. विळा घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा घसरला.

"हा कापून कावून नाई राहिला?"

"पोरीनं धार बोथट केली असन," धुण्याच्या दगडापाशी उभी आई घाईनं म्हणाली.

बाबांनी विळा उलटापालटा करून पाहिला. धारेवरून अंगठा फिरवला. मग आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं, मग आईच्या. शेवटी त्यांची नजर दगडाच्या खाचेवर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली.

"मले वाटे, दगड पाण्यानं झिजला," ते म्हणाले.

आता हे विळा टाकून उठणार आणि पुन्हा कधी अंगणात येणार नाहीत, असंच मला वाटलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाबा खुर्चीवर बसले. "मूठ घट्ट धर वं, हालू देऊ नोको," मला म्हणाले, आणि कानस डाव्या हातात घेतली. हात शिकलेला नव्हता. कानस सटकत होती, मध्येच थांबत होती. मी मदत करू गेले तर नुसतं माझ्याकडं पाहिलं. ऊन अंगणभर पसरलं तरी ते दुसऱ्या अंगानं धार लावत होते.

विळा त्यांनी स्वतः आईला नेऊन दिला. तिनं आळ्यात बसून गवताची एक मूठ कापली, मग दुसरी.

"कशी लागली?"

"चांगली लागली," आई म्हणाली. इतक्या वर्षांत या प्रश्नाला तिनं पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं होतं.