महानंदाक्कांची लेक

के. आर. पुरममधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रविवारी चित्रकला शिकवते. येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी सूर्यास्त रंगवायला निघतात आणि मी त्यांना महिनाभर नुसत्या रेघा मारायला लावते. त्यामुळे माझा वर्ग लवकर रिकामा होतो. साठी उलटलेल्या महानंदाक्का मात्र टिकल्या. त्या मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन बेंगळुरूला आल्या आणि इथल्याच झाल्या.

मनगट न हलवता खांद्यातून वर्तुळ काढा म्हटलं, की काढायच्या. उजेडाकडचा कागद कोरा सोडून अंड्याला पेन्सिलीने छाया द्या म्हटलं, की तेही निमूटपणे करायच्या. पण अंडं, कुंडी, सफरचंद यांत त्यांचा जीव नव्हता. "टीचर, तोंड कधी शिकवणार?" हे पालुपद चालूच. एकदा मी वैतागले. "एवढी घाई कसली झालीय, अक्का?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिली मुलगी माहेरी झाली. नवरा, बसवंतअण्णा, इथे कारखान्यात. बापाने बारशालाच येऊन मूल बघायचं, अशी त्यांच्या घरची रीत, रजाही तेवढ्यापुरतीच. बारशाआधी फोटो काढला तर दृष्ट लागते, असं अक्कांच्या आईचं म्हणणं. बारशाच्या आदल्या दिवशी पोर तापाने गेली. अण्णा झबलं-टोपडं घेऊन पोचले, तेव्हा मातीही देऊन झाली होती.

"त्यांनी तिला बघितलंच नाही," अक्का म्हणाल्या. "कशी होती म्हणून एकदा विचारलं होतं. मला सांगायला येईना, नुसती रडले. परत कधी विचारलं नाही. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. दिसायचं कमीच होत जाणार म्हणतात डॉक्टर. त्याच्या आत दाखवायचीय मला."

मी माझा अभ्यासक्रम गुंडाळून ठेवला. त्यांचं पहिलं बाळ थेट म्हातारीसारखं दिसलं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या मध्यावर येतात, तान्ह्याचे त्याहून खाली. वर सगळं कपाळच कपाळ. हे हातात बसल्यावर कागदावर खरोखरचं बाळ दिसू लागलं, आणि तिथेच गाडी अडली. नाक बसकं होतं की सरळ? ओठ कसे होते? अक्का काढायच्या आणि खोडायच्या. खोडून खोडून कागदाचा लगदा झाला. "समोर बघा आणि काढा," हे माझं एकुलतं एक शहाणपण, आणि समोर बघायला काहीच नव्हतं.

"टीचर, मला आठवत नाही," एका रविवारी त्या अगदी हळू म्हणाल्या. "जावळ आठवतंय. मूठ आठवतेय. तोंड गेलं. कधी गेलं, कळलंच नाही मला."

मला रडू येत होतं आणि शिकवणाऱ्या बाईने रडू नये असं वाटत होतं. थोड्या वेळाने अक्कांनी मोबाईलचा कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि त्यात बघून आपलंच नाक, आपलेच ओठ लहान करून काढले. मी अडवलं नाही. नाकाखालची छाया बोटाने कशी मऊ करायची, तेवढं दाखवलं.

अण्णा त्यांना न्यायला आले. "आपली पोर," म्हणून अक्कांनी दिलेला कागद खिडकीशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले.

"अशी होती?"

अक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "अशीच होती की."

"तुझ्यावर गेलेली होय," अण्णा म्हणाले. "मी आपलं एवढी वर्षं माझ्या आईचं तोंड लावून बघत होतो तिला. डोळे मिटले की तशीच यायची." त्यांनी चष्मा पुसला. "चुकलंच की माझं. सरी, असू दे. आता हीच बघायची."

अक्कांनी कागद काढून घ्यायला हात पुढे केला, पण अण्णा तो देईनात.