बर्फातला धुरा

"आई, काकाजी उठून नाही राहिले," एवढंच पल्लवी फोनवर म्हणाली. मी मोहाडीला मावसबहिणीकडे होते, तिच्या मुलाच्या साक्षगंधाच्या साड्या निवडत. दुपारी जेवून आडवा झालेला माणूस चहाला उठला नाही की घरातली माणसं आधी चिडतात. पल्लवीही आधी चिडूनच हाका मारत होती, असं तिने नंतर सांगितलं. मोहाडीहून पवनीला येताना मला रडू आलं नाही, राग येत राहिला. आदल्याच संध्याकाळी प्रमोद, माझा धाकटा दीर, ओट्यावर बसून विचारून गेला होता, "वहिनी, पल्लवीचं काय मंग? यंदा बर्फात येऊ देता का नाही?" आणि मी म्हटलं होतं, पाहू. दोन हिवाळे तो हेच विचारत होता आणि दोन हिवाळे मी पाहूच म्हणत होते... आता उत्तर न घेताच हा माणूस निघून गेला, त्याचा राग.

प्रमोद फौजेत होता, बरीच वर्षं उंच डोंगरात. तिथे तो स्कीवर चालायला शिकला. स्की म्हटलं की लोकांना सिनेमातलं शिखरावरून सुसाट घसरणं आठवतं, पण हे तसं नाही. लांब, अरुंद पट्ट्यांवर बूट फक्त पुढून अडकवायचा, टाच सुटी ठेवायची, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि बर्फातून सपाटीवर, चढावर मैलोन् मैल जायचं. निवृत्त होऊन पवनीला आला तेव्हा वाटलं, आता हा शेती पाहील. त्याने कालव्याच्या डांबरी रस्त्यावर चाकं लावलेल्या स्की आणल्या आणि क्लब काढला. गावाने त्यांना लगेच घसरेवाले म्हणायला सुरुवात केली. मीही सोडलं नाही त्याला. आपल्याकडे बर्फ दिसतो तो मासोळीच्या पेटीत, तू कुठे शिकवणार, असं विचारायचे. तो म्हणायचा, पाय आधी तयार होतात, बर्फ नंतर मिळतो. तसा तो काही संत नव्हता. तोंडाने फटकळ, कौतुकाच्या बाबतीत महाचिकट, आणि माझ्या हातच्या भाजीत मीठ कमी आहे हे पंगतीत सांगणारा. तरीही नदीवर जाळं टाकणाऱ्या घरातल्या दोन बहिणी, एक शिंप्याचा मुलगा, पोस्टातली एक क्लार्क आणि माझी पल्लवी, अशी सगळी उन्हं चढायच्या आत त्याच्यामागे कालव्यावर हजर असायची.

दर हिवाळ्यात तो त्यांना हिमाचलात घेऊन जायचा. मुली आहेत, सोबत एखादी बाई हवी, म्हणून एका वर्षी मला ओढलं. मी शिकवते त्या शाळेत सुट्टी टाकून मी गेले, पडत-झडत थोडंफार शिकलेही. त्यानेच एक दिवस आधी शिकवून ठेवलं होतं की वारा बर्फ ढकलत डोंगराच्या धारेवर नेतो आणि धारेच्या पलीकडे त्याचा छज्जा तयार होतो. वरून पाहावं तर जमीन, खाली मात्र नुसती हवा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पण हे पायांना कोण सांगणार? आमचा मुलूख धानाचा. बांधी म्हणजे धानाचा वाफा आणि तिच्या कडेचा उंच बांध म्हणजे धुरा. रोवणी झाली की चालायचं ते धुऱ्यावरून. बांधीत पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत गाळ, शिवाय धान तुडवलं म्हणून बोलणी. पल्लवीला बोट धरून ही चाल मीच शिकवली होती.

त्या दिवशी धारेजवळ पोहोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की आभाळ कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळेना. तिथला वाटाड्या पुढे खोलगट भागातून चालला होता. तिथे बर्फ भुसभुशीत, प्रत्येक पावलाला स्की बुडत होत्या. पल्लवी त्याच्यामागे काही अंतर ठेवून होती. सगळे दमलेले. उजव्या हाताला एक उंच, गुळगुळीत, सरळ पट्टा दिसत होता... हुबेहूब धुरा. ती खोलातून निघाली आणि त्याच्यावर चढली. मागून पाहताना मला वाटलं, शहाणी माझी पोर, बरोबर वाट धरली. मीसुद्धा स्कीचं तोंड तिकडे वळवलं. तेवढ्यात माझ्या छातीवर आडवी काठी आली. मागून प्रमोद पुढे सरकला होता. मी त्याचा चेहरा पाहिला आणि तो धुरा नाही, छज्जा आहे, हे मला कळलं. ओरडायला मी तोंड उघडलं, तर त्याने नुसती मान हलवली.

शेतात हाक मारावी तशा आवाजात तो म्हणाला, "पल्लवी, धुऱ्यावरून खाली उतर. डाव्या हाताले. बांधीत."

ती हसली. तिला काहीच माहीत नव्हतं. "काकाजी, बांधीत पाय रुतून राहिले नं."

"रुतू दे. धान तुडवलं तरी कोनी काही म्हणत नाही आज. वळू नोको, उडी मारू नोको. हळू उतर, माय."

तिने एक स्की खाली टाकली, मग दुसरी. ती आमच्याकडे चार हात आली असेल, तेव्हा बैलगाडीतून धानाचं पोतं पडावं तसा आवाज झाला, जड आणि मुका. तो सरळ पट्टा मधूनच तुटून गेला. पल्लवीच्या स्कीच्या खुणा तिथपर्यंत होत्या आणि पुढे नव्हत्या. पलीकडे फक्त धुकं होतं.

प्रमोदने सगळ्यांना डावीकडे खूप आत घेतलं, प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला आणि चालवत खाली आणलं. तंबूत पोहोचल्यावर त्याला बुटाची नाडी सोडता येईना. मी पल्लवीला धरून बसले होते. तिला न सोडताच मी त्याला सांगितलं की माझी पोर पुन्हा इकडे येणार नाही. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "नोका पाठवू. पन वहिनी, तिले बोलू नोका. ती आपल्या गावात चालतात तशी चालली. आपल्या मानसाले धुरा दिसला का तो चढनारच, हे मले आधी कळाले पाहिजे होतं."

ते त्याने मनाला लावून घेतलं. परत आल्यावर खळ्यावरचा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग खालून कोरायचा आणि एकेकाला वरून कडेपर्यंत चालायला लावायचा. पोरं धप्पकन खाली यायची, केसांत तणस घेऊन उठायची. कापणी झालेल्या शेतांतून त्यांना मुद्दाम धुरा सोडून बांधीतून चालवायचा, वळण मोडावं म्हणून. शेतवाले ओरडायचे, काहून गा, धुरे काय आम्ही शोभेले बांधले? तो हसून हात जोडायचा. बर्फ बंद केला तरी हे मी पल्लवीला बंद केलं नव्हतं. पाहता पाहता तीच बाकीच्यांना शिकवायला लागली. आणि हिवाळा आला की प्रमोद ओट्यावर यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि शेवटी तेच विचारायचा. मी कशी हो म्हणणार होते? शेतात धुऱ्यावर पाय ठेवला की अजून माझे तळवे शिरशिरतात. ती पुन्हा बर्फात गेली आणि मागून पाहणारा या वेळी जरा उशिरा बोलला तर... एवढंच माझ्या डोक्यात यायचं. आता तो मागून पाहणाराच राहिला नाही. मला त्याची फार आठवण येते, आणि आठवणीबरोबर ही धास्तीही येते.

तेरवी झाल्यावरच्या रविवारी पोरं कालव्यावर जमली. मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले होते. पल्लवी पुढे उभी राहिली, बाकीच्यांनी रांग धरली, आणि रांग काही हलेना. जो शेवटी असेल तो बाजूला व्हायचा आणि दुसऱ्याला मागे ढकलायचा. दुसराही तेच करायचा. प्रमोदची ती जागा घ्यायला कोणी तयार नव्हतं. मास्तर पुढे हवा असं आपण समजतो. तो आयुष्यभर सगळ्यांच्या मागे चालला, कारण कोणाचा पाय कुठे पडतोय ते मागूनच दिसतं म्हणायचा. थोडा वेळ हा गोंधळ पाहून पल्लवी स्की काढून माझ्याकडे आली. काका गेल्यापासून तिने तो विषय काढला नव्हता.

"आई, यंदा बर्फात मी नेऊ का या पोरायले? तू नाही म्हणशील तर नाही नेत. खरं सांग."

माझ्या ओठांवर पुन्हा तेच "पाहू" आलं होतं. रांगेच्या शेवटी रस्ता मोकळा पडला होता, तिकडे मी बघत राहिले.

"ने," मी म्हटलं. "मागं मी राहीन."

पोरं हसली, कारण त्यांच्यात सगळ्यात हळू मीच. पल्लवी हसली नाही. तिने प्रमोदच्या चाकांच्या स्की आणल्या, माझ्यापुढे गुडघ्यावर बसली आणि बूट अडकवून दोनदा ओढून पाहिले. मी चहा बाजूला ठेवला, काठ्या घेतल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. रांग हलली. माझ्या मागे कोणी नव्हतं, आणि पुढे सगळ्यांचे पाय दिसत होते.