म-७ या बाटलीतली बाई

दुपारचे तीन. पंखा फिरतोय, वर्तमानपत्र छातीवरून घसरतंय. डोळा लागतो न लागतो, तोच मी प्रयोगशाळेत उभी आहे. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी इन्क्युबेटरची ऊब तशीच आहे. दार उघडते, तर आत बाटल्यांऐवजी खाट, आणि खाटेवर ती बसलेली.

मुरूडची सिद्दी बाई. काळीभोर, आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या कुळातली. बाहत्तर साली तिच्या गाठीचा तुकडा मीच वॉर्डातून आणला होता. महिन्याभरात ती गेली. तिच्या पेशी मात्र काचेच्या बाटलीत, आम्ही घालत असलेल्या पोषक द्रवावर, वाढतच राहिल्या. किती औषधं त्यांच्यावर तपासली गेली! बाटलीवर एवढंच लिहिलेलं : म-७.

"अजून जेवू घालतेस मला?" ती विचारते.

"आता दुसऱ्या मुली घालतात. मी तीस वर्षं घातलं. दिवाळीतसुद्धा सुट्टी नाही."

"नवऱ्यानं एक दिवस नाही घातलं," ती हसते.

पायाखाली वाळू लागते. भिंती नाहीत. खाट तिथंच, पुढे मुरूडचा समुद्र.

"सकाळी फोन आला होता," मी सांगते. "संस्थेची पुस्तिका निघतेय. तुझं नाव छापायचंय. जुन्यांपैकी मी एकटीच उरलेय. मी म्हटलं, आठवत नाही."

"आठवत नाही?"

लाटांचा आवाज थांबतो.

"विचारलंच नव्हतं," मी म्हणते.

"वय विचारलंस. वजन विचारलंस. पोरं किती, तेपण. मग शाईचं पॅड पुढं केलंस, अंगठा लाव म्हणून."

"तिथं सगळ्याच लावायच्या..."

"मी चौथी शिकलेली, बाय."

मी कागद शोधते. कोटाच्या खिशात नुसतं पेन.

"हात दे," ती म्हणते.

पेनाच्या टोकानं गुदगुल्या होतात. ती सावकाश लिहिते, जीभ दातांत धरून.

"आता म्हण."

मी म्हणते, मोठ्यानं. माझ्याच आवाजानं मला जाग येते. घरात दुसरं कुणी नाही. सकाळच्या फोननंतर तोंडातून निघालेला हा पहिला शब्द.

उजव्या तळव्यावर निळ्या शाईतली वाकडी अक्षरं : रुकय्या इब्राहिम.

मी डावखुरी नाही. डाव्या हातानं मला साधी रेघही धड ओढता येत नाही.

शाई पुसली जाऊ नये म्हणून त्याच डाव्या हातानं मी संस्थेला फोन लावते.