शून्यावरचं बटन

मेहकरच्या आमच्या शेडमध्ये थोरला भाऊ आणि मी लोखंड कातायचा एक जुना लेथ चालवायचो. त्याचा वेग बदलायला पट्टा या कप्पीवरून त्या कप्पीवर सरकवावा लागे. पुढे दादाने विजेची एक पेटी बसवून घेतली. गोल बटन फिरवलं की तीन बारीक तारांतून पेटीला निरोप जाई आणि पेटी त्या मानाने मोटर पळवी. दादा खूश. मला मात्र ती पेटी पहिल्या दिवसापासून खुपत होती. दिसत नाही त्याची मला धास्तीच.

त्या दुपारी लेथवर थ्रेशरची जड पुली लावली होती आणि लाइन गेली. दादाने वैतागून बटन पिळून शून्यावर आणलं, पण मेन स्विच पाडला नाही. विहिरीवरच्या पंपाची सवय. लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून आमच्याकडे कोणीच खटका पाडत नसे. पुली धरणाऱ्या फिरत्या जबड्याला, चकला, चावी लावून ती आवळायला तो वाकला. गळ्यात दुपट्टा.

"दादा, खटका पाड ना. मले भेव लागते."

"काऊन भेतं बे? बटन शून्यावर हाय ना. लाइन आली का समजते मंग."

म्हातारीसारखा काय घाबरतो, म्हणून हसलाही. मला चावी काढून घ्यावी वाटलं, पण थोरल्याच्या हातातून कोण काढणार?

आणि लाइन आली.

चक पूर्ण वेगाने सुटला. चावी उडून पत्र्याला भोक पाडून गेली. दुपट्ट्याचं टोक चकात गेलं आणि दादाचं डोकं खाली ओढलं जाऊ लागलं. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. खटका पाडला तेव्हा दुपट्टा फाटला होता आणि दादा जमिनीवर बसून स्वतःचा गळा चाचपत होता.

बटन शून्यावरच होतं. त्याने पिळलं तेव्हा मागची एक तार तुटली होती, नेमकी पेटीला शून्य कळवणारी. ती नसली की पेटी पूर्ण वेग धरायची.

घरी आम्ही जेवायला बसलो आणि लाइन गेली. दादा भाकरी तशीच टाकून उठला. अंधारात वांग्यांच्या वाफ्यांतून विहिरीवर गेला, परत आला आणि ताटापुढे बसला.

"पाडला खटका," म्हणाला. वहिनीने घास मोडून त्याच्या हातात दिला.