न बदललेली नळी

आजवर कुणापाशी बोललो नाही ते आधी सांगून टाकतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांइतका स्वच्छ हाताचा माणूस अख्ख्या बेंगळुरात नव्हता, आणि त्यांची म्हणून जी एकच चूक सगळ्यांना माहीत आहे, ती त्यांच्या हातून झालीच नव्हती. हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. पुण्याहून ते इथल्या एका संशोधन संस्थेत आले होते आणि कुठला समाज कुठून आला, कुणात मिसळला, हे रक्तावरून शोधायचे. गल्लीला हे समजावणं अशक्य होतं. पोराला ताप आला की बायका जिना चढून त्यांच्याकडेच जायच्या, आणि डॉक्टर पोराची जीभ बघायच्या आधी आईचं माहेर विचारायचे. आपण माणूस भेटला की चेहरा बघतो, हे कोपराची शीर बघत. "काय सुंदर शीर आहे हो तुमची," असं ते माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले. त्यानंतर सासरे भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच आमच्याकडे आले. लग्नाचं आमंत्रण त्यांनी कधी चुकवलं नाही. मांडवात सगळे नवरीचे दागिने बघत असत तेव्हा हे तिच्या मामाला कोपऱ्यात गाठून त्याच्या आईचं गाव काढत बसलेले असत, आणि पानातली जिलबी गार होत असे.

स्वच्छतेचं तर विचारू नका. घरातल्या साखरेच्या डब्यावरही नाव डब्याच्या अंगावर, झाकणावर कधी नाही. "झाकणं बदलतात अण्णा, डबा बदलत नाही." अण्णा हे संबोधन त्यांनी आमच्याकडूनच उचललं होतं आणि पुणेरी सुरात मोठ्या हौसेने वापरायचे. वहिनी म्हणायच्या, "लग्नात माझा हात धरायच्या आधी यांनी भटजींकडे साबण मागितला होता." डॉक्टर हे नाकारत नसत. स्वतःच्या दोन्ही हातांवर त्यांचा इतका विश्वास होता की बोलताना ते हात समोर, जरा वर धरून बोलत, जणू कुणी उसने दिलेत आणि सांभाळून परत करायचेत.

स्कूटर त्यांना येत नसे. "चालवताना रस्त्याकडे बघावं लागतं, मला माणसं बघायची असतात." म्हणून पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या कारखान्याला सुट्टी असली की मी सारथी आणि ते मागे, मांडीवर बर्फाची पेटी. पोरं आइसफ्रूट समजून धावत यायची, आणि डॉक्टर त्यांनाही आजोळ विचारून परत पाठवायचे. मी त्यांना सगळीकडे नेलं. फक्त शहराबाहेर होसकोट्याला जायचं म्हटलं की माझी स्कूटर नेमकी बिघडायची.

मग आमची पाळी आली. आम्ही इथे तीनशे वर्षांपासूनचे मराठी. मराठीत निम्मं कानडी मिसळलेलं, पण रक्तात थेंबभर नाही असा घरादाराचा अभिमान. डॉक्टरांना आमची माणसं हवी होती, आणि मी आमच्या माडीवर सगळे नातेवाईक जमवून दिले. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीने, पदर सावरत विचारलं, "अय्यो, एवढं रक्त काढून काय करताय हो? स्वल्प घ्या."

"चमचाभर, अक्का. तुमच्या आमटीतलं मीठ याहून जास्त असतं."

"सरी, बरं. मग आधी ह्याचं काढा," अक्काने माझ्याकडे बोट केलं.

मी बाही वर केली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आईच्या आईचं गाव?" मी तोंड उघडायच्या आत दारातून माझी आई म्हणाली, "साताऱ्याकडचं." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "अण्णा?"

"साताऱ्याकडचंच," मी म्हणालो.

माझी आजी होसकोट्याकडची होती, कानडी शेतकऱ्याच्या घरातली. आजोबांनी तिला लग्न करून आणलं, नाव बदललं, गाव बदललं. तिचा भाऊ पेरू घेऊन मागच्या दाराने यायचा आणि आम्हां पोरांना त्याची ओळख भाजीवाला अशी करून दिली होती. तो कधी काही विकत नसे, नुसतं देऊन जायचा. तेवढ्यावरून मला नातं कळलं होतं.

दोनेक महिन्यांनी डॉक्टर हसत जिना उतरले. "अण्णा, तुम्ही होसकोट्याचे निघालात. त्याच आठवड्यात तिथल्या एका गावातून आणलेल्या नमुन्यांशी तुमचा हुबेहूब जुळतोय." मग हसू विरलं. "म्हणजे माझ्या नळ्या बदलल्या. आजीचं गाव नक्की साताऱ्याकडचंच ना?"

आई आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

"नक्की," मी म्हणालो.

"मग हात माझाच चुकला."

त्यांनी संस्थेत सगळ्यांसमोर तसं सांगितलं. एक नळी बदलली तर बाकीच्यांचा काय भरवसा, म्हणून आमचे आणि होसकोट्याचे, दोन्हीकडचे नमुने टाकून दिले आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. दुसऱ्या खेपेला मी आजारपणाचं निमित्त काढून सुटलो. तेव्हापासून नळी ते स्वतः भरत नसत; हाताखालच्या मुलीला सांगायचे आणि बाजूला उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. बोलतानाही हात पुन्हा समोर आले नाहीत. साखरेच्या डब्याच्या झाकणावरही नाव दिसायला लागलं.

आता ते पुण्याला परतलेत. फोनवर आवाज अजून तसाच खणखणीत असतो, शेजारी कोण राहायला आलं, त्यांच्या आजीचं गाव कोणतं, सगळं सांगतात. आई गेली. मला सख्खी बहीण नाही, मावशीही नव्हती. डॉक्टरांनीच एकदा स्कूटरवर मागून ओरडून समजावलं होतं, की आजीकडून आईला आणि आईकडून पोरांना येणारा रक्तातला एक धागा मुलालाही मिळतो, पण मुलगा तो पुढे देऊ शकत नाही. म्हणजे आजीचा धागा माझ्यापाशी संपतो. कुठेतरी तिची खूण उरायची एकच जागा होती, ती नळी, आणि ती त्यांच्या हातची चूक समजून फेकली गेली.

तुम्हाला हे सांगणं त्या मानाने सोपं गेलं. त्यांना मी अजून एक वाक्य देणं लागतो: डॉक्टर, नळी बदलली नव्हती, माझी आजी होसकोट्याची होती आणि तिचं नाव मुनियम्मा.